सर्व्हरच्या खोलीचे कुलूप

पूर्वी एखाद्या कार्यालयात नवा सर्व्हर, म्हणजे सगळ्यांची कामे चालवणारा सामाईक संगणक, हवा असला, की आधी गरजेचे टिपण लिहावे लागे, मग दोन-तीन विक्रेत्यांकडून दरपत्रके मागवली जात, लेखा विभाग त्यांवर शंका काढी, वरिष्ठांची सही मिळवावी लागे, आणि यंत्र प्रत्यक्ष येऊन खोलीत बसेपर्यंत दोन-तीन महिने सहज निघून जात. या दिरंगाईला मीही भरपूर नावे ठेवली आहेत. पुढे व्यवसायांची संगणकीय कामे क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या संगणकांवर, नेण्यात बरीच वर्षे गेल्यावर ध्यानात आले, की त्या कंटाळवाण्या वाटेवरचा प्रत्येक थांबा कशाची तरी राखण करत होता. दरपत्रकांमुळे खर्च आवाक्यात राहत होता, सहीमुळे त्या यंत्राला एक मालक मिळत होता, आणि खोलीला कुलूप असल्यामुळे एखादी परवानगी चुकून सैल राहिलीच, तरी तिचा गैरफायदा घेऊ शकणारे लोक बहुधा इमारतीतलेच असत. क्लाउडने हे सारे थांबे एका फटक्यात काढून टाकले. त्यांच्याबरोबर राखणही गेली, आणि ती आता आपणच नव्याने उभी करायची आहे, हे अनेक व्यवसायांना पहिले मोठे बिल हाती पडल्यावर किंवा पहिला मोठा घोळ झाल्यावर उमगते. क्लाउड स्वीकारताना येणाऱ्या ज्या अडचणी मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ मला इथे सापडते.

खरे तर क्लाउडची व्याख्याच या मधल्या थांब्यांना वगळून केलेली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने सप्टेंबर २०११ मध्ये क्लाउडची पाच लक्षणे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिलेच असे, की ग्राहकाला हवी ती साधने पुरवठादाराच्या कोणत्याही माणसाशी न बोलता स्वतःच्या स्वतः घेता यावीत. शेवटचे लक्षण वापराच्या मोजणीचे आहे. म्हणजे घेताना कुणी विचारणार नाही, पण घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद मात्र होणार. अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये साठवणुकीची आणि ऑगस्ट २००६ मध्ये भाड्याच्या संगणकांची सेवा सुरू केली, तेव्हा नव्या, लहान कंपन्यांना हेच सर्वांत मोठे वरदान वाटले आणि ते योग्यही होते. जुन्या, स्थिरावलेल्या व्यवसायाची गोष्ट वेगळी असते. त्याच्या सवयी, त्याचे हिशेब आणि त्याची माणसे त्या कुलपाभोवती घडलेली असतात.

स्थलांतराचे ठरल्यावर पहिले काम मोजदादीचे असते आणि पहिली ठेचही तिथेच लागते. आपल्याकडे नेमके काय काय चालते, कोणता प्रोग्रॅम कोणत्या डेटाबेसवर अवलंबून आहे, रात्री दोन वाजता कोणती फाईल कुठून कुठे जाते, याची पूर्ण यादी बहुतेक ठिकाणी नसते. असते ती काही वर्षांपूर्वीची आणि तेव्हाही अपुरी. मी ज्या एका कामात होतो, तिथे खोलीच्या कोपऱ्यात एक जुने यंत्र सापडले, ज्याचे नाव कोणत्याच यादीत नव्हते. आठवडाभर नेटवर्कवर लक्ष ठेवले, तेव्हा त्याच्याकडे काही येत नव्हते आणि त्याच्याकडून काही जात नव्हते. आम्ही ते बंद केले. महिनाअखेरीस पुरवठादारांना द्यायच्या रकमांची फाईल तयार झाली नाही, तेव्हा त्या यंत्राचा उलगडा झाला: ते महिन्यातून एकदाच, वीस मिनिटे काम करत असे. गंमत म्हणजे ही माहिती लिहिलेली होती. ती खोली सांभाळणाऱ्या गृहस्थांकडे एक जाडजूड वही होती आणि तिच्यात त्यांनी फार पूर्वी नोंदवले होते, की कोपऱ्यातले यंत्र विचारल्याशिवाय बंद करू नये. ती वही मागण्याचे आम्हां तज्ज्ञांपैकी कुणाला सुचले नव्हते, आणि त्या गृहस्थांना स्थलांतराच्या एकाही बैठकीला बोलावलेले नव्हते. त्यांच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

मोजदादीनंतर येतो अंतराचा प्रश्न, आणि तो अजिबात गांभीर्याने घेतला जात नाही, कारण अंतर हा काही संगणकाचा विषय आहे असे कुणाला वाटतच नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे डेटा सेंटर १००० किलोमीटरवर असेल, तर एका प्रश्नाचे उत्तर परत यायला, बाकी सारे आदर्श धरले तरी, १० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात वळसे आणि मधली यंत्रे धरून याच्या दुप्पटही लागू शकतात. एकट्या प्रश्नाला हा वेळ काहीच नाही. परंतु कार्यालयातच डेटाबेस असताना लिहिलेले कित्येक प्रोग्रॅम बडबडे असतात: एक अहवाल काढायला ते डेटाबेसला २००० वेळा लहान लहान प्रश्न विचारतात. शेजारच्या कपाटातला डेटाबेस अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर देत असेल, तर हे काम एका सेकंदात उरकते. तोच डेटाबेस दूर गेला आणि प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद लागू लागले, की तोच अहवाल ४० सेकंद घेतो. त्यावर क्लाउड मंद आहे असा शेरा बसतो, अधिक मोठे यंत्र भाड्याने घेतले जाते, आणि तरीही अहवाल ४० सेकंदच घेतो. यंत्र मोठे केल्याने रस्ता तोकडा होत नाही. प्रोग्रॅम आणि त्याचा डेटाबेस यांनी एकत्र हलायचे किंवा एकत्र मागे राहायचे, हा नियम पाळला तरी या प्रकारातला बराच मनस्ताप वाचतो.

डेटा नेण्याचा हिशेबही असाच कागदावर करून पाहण्यासारखा आहे. १० टेराबाइट डेटा सेकंदाला १०० मेगाबिट वेगाच्या जोडणीवरून पाठवायचा, तर ती जोडणी दुसऱ्या कोणत्याही कामाला न वापरता, एकदाही न तुटता, नऊ दिवसांहून अधिक काळ लागतो. आणि त्या नऊ दिवसांत मूळ डेटा थांबून राहत नाही. नव्या नोंदी होतच असतात, ज्या पुन्हा मागाहून जुळवून घ्याव्या लागतात. म्हणूनच क्लाउड कंपन्यांनी डेटा साठवण्याच्या पेट्या ग्राहकाकडे पाठवून, भरून, परत नेण्याची सोय काढली. इंटरनेटच्या युगात डेटा मालवाहतुकीने पाठवावा लागणे अनेकांना विनोदी वाटते, पण गणित पाहिले की हसू थांबते.

हे सगळे एका तिमाहीत होईल असा आराखडा ज्या बैठकीत मांडला जातो, त्या बैठकीत मी नेटफ्लिक्सचे उदाहरण देतो. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्या डेटाबेसमध्ये बिघाड झाला आणि तीन दिवस त्यांना ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी क्लाउडवर जायचे ठरवले आणि ते काम पुरे झाले जानेवारी २०१६ मध्ये. सात वर्षे लागली, कारण जुनी रचना जशीच्या तशी उचलून ठेवली तर जुने दोषही बरोबर येतील असे मानून त्यांनी जवळजवळ सारी घडण नव्याने केली. प्रत्येक व्यवसायाने असे करावे असे मी म्हणणार नाही. मात्र ज्यांचा मूळ धंदाच तंत्रज्ञानावर उभा आहे, उत्तम अभियंते ज्यांच्या पदरी आहेत, त्यांना सात वर्षे लागली असतील, तर तीन महिन्यांच्या आराखड्यात काहीतरी धरायचे राहून गेले आहे, एवढी शंका तरी घ्यायला हवी.

आता खर्चाकडे वळतो. तक्रारी सर्वांत जास्त याच विषयावर ऐकू येतात आणि गैरसमजही इथेच सर्वांत जास्त आहेत.

विकत घेतलेला सर्व्हर रात्री रिकामा बसला तरी त्याची किंमत वाढत नाही, त्यामुळे तो बंद करण्याची सवय कुणालाच नसते. भाड्याच्या यंत्राचे मीटर मात्र रात्री, सुटीच्या दिवशी आणि सारे कार्यालय सहलीला गेलेले असतानाही चालू असते. आठवड्याचे तास १६८. चाचणीसाठी घेतलेली यंत्रे पाच दिवस, रोज दहा तास वापरली जात असतील, तर उपयोगाचे तास ५०, आणि उरलेल्या ११८ तासांचे भाडे, म्हणजे त्या यंत्रांवरचा जवळजवळ ७० टक्के खर्च, निव्वळ सवयीपायी भरला जातो. संध्याकाळी ती आपोआप बंद होतील अशी व्यवस्था करणे हे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण ते कुणाचे काम आहे हेच ठरलेले नसते. दुसरी जुनी सवय आकाराची. यंत्र विकत घेताना पाच वर्षांनंतरची वाढ आणि वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस लक्षात घेऊन ते मोठे घेतले जाई, आणि ते शहाणपणाचेच होते. स्थलांतर करताना तोच आकार जसाच्या तसा भाड्याने घेतला जातो, आणि क्लाउडमध्ये आकार हवा तेव्हा वाढवता-घटवता येतो या त्याच्या सर्वांत मोठ्या गुणाचे पैसे भरूनही तो गुण वापरलाच जात नाही.

शिवाय बिलात अशा काही ओळी असतात, ज्या आराखडा करताना कुणी धरलेल्याच नसतात. डेटा आत आणण्याला साधारणपणे शुल्क नसते, पण बाहेर नेण्याला असते. क्लाउड कंपनीच्या एका भौगोलिक विभागातून दुसऱ्या विभागात हलवण्यालाही अनेकदा असते. यंत्र काढून टाकले तरी त्याची साठवण-तबकडी अनेकदा मागे राहते आणि तिचे भाडे चालू राहते. स्थलांतराच्या काळात जुनी आणि नवी अशा दोन्ही व्यवस्था समांतर चालवाव्या लागतात, आणि हा काळ ठरवल्यापेक्षा नेहमी लांबतो, म्हणून काही महिने दुप्पट खर्च होतो. जुन्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सच्या अटी प्रोसेसरच्या गाभ्यांच्या (कोअरच्या) संख्येवर बेतलेल्या असल्या, तर भाड्याच्या यंत्रावर त्या कशा मोजायच्या हा एक स्वतंत्र वादविषय असतो, आणि त्यावर विक्रेता आणि ग्राहक यांचे क्वचितच एकमत होते.

लेखा विभागाची अडचण तर निराळीच. पूर्वी सर्व्हर ही मालमत्ता होती. ती ताळेबंदात दिसे, तिच्यावर दरवर्षी घसारा निघे, आणि पाच वर्षांचा खर्च एका सहीत मंजूर होई. आता तोच खर्च दरमहा येणारे, दरमहा वेगळे असणारे बिल झाला आहे. वर्षाच्या आरंभी अंदाजपत्रक करणाऱ्या माणसाला तुम्ही सांगता, की रक्कम वापरावर अवलंबून राहील, आणि वापर किती होईल ते सांगता येत नाही. त्याने कपाळाला हात लावला तर त्याला दोष देता येत नाही. यावर उपाय म्हणून एक किंवा तीन वर्षांच्या वापराची हमी देऊन सवलतीचा दर घेता येतो, आणि स्थिर कामांसाठी तो घ्यावाच; फक्त मोजदाद आणि आकाराची दुरुस्ती होण्याआधी हमी दिली, तर उधळपट्टीच तीन वर्षांसाठी सवलतीत विकत घेतल्यासारखे होते. हा क्रम उलटा झालेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

मग क्लाउड महाग आहे का? या वादात दोन उदाहरणे सतत फेकली जातात. लोकांच्या फायली साठवून देणाऱ्या ड्रॉपबॉक्स या कंपनीने बहुतेक साठवण अ‍ॅमेझॉनकडून काढून स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये नेली, आणि २०१८ मध्ये शेअर बाजारात येताना दिलेल्या कागदपत्रांत दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर खर्च कमी झाल्याचे दाखवले. ३७सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडण्याचे जाहीर केले. त्या वर्षी तिचा क्लाउडवरचा खर्च सुमारे ३२ लाख डॉलर होता. ही दोन्ही उदाहरणे खरी आहेत, पण ती ज्या अर्थाने सांगितली जातात तो अर्थ त्यांतून निघत नाही. दोघांचेही काम मोठे आणि स्थिर होते, ते किती आहे याचा त्यांना नेमका अंदाज होता, आणि यंत्रे स्वतः सांभाळण्याची ताकद असलेली माणसे त्यांच्याकडे होती. ज्या व्यवसायाचा वापर वर्षातून चार आठवडे दहापट होतो आणि एरवी निवांत असतो, त्याचे गणित याच्या अगदी उलट येईल. माझा अनुभव असा, की आपले काम स्थिर आहे की चढउताराचे, हा साधा आलेख काढलेलाच नसतो आणि तरीही दोन्ही बाजूंनी हिरीरीने वाद घातला जातो.

सुरक्षेविषयी लोक सहसा चुकीच्या गोष्टीला भितात. आपला डेटा परक्याच्या इमारतीत आहे, तिथले कुणी तो चोरील, ही भीती पहिल्या बैठकीत हमखास व्यक्त होते. वस्तुतः त्या इमारतींची राखण बहुतेक व्यवसायांच्या स्वतःच्या सर्व्हर रूमपेक्षा कितीतरी कडक असते. करारात जबाबदारीची वाटणी स्पष्ट लिहिलेली असते: इमारत, यंत्रे आणि त्यांच्या खालची यंत्रणा कंपनी सांभाळणार, डेटा कुणाला दिसावा, परवानग्या कुणाला असाव्यात, कोणते दार उघडे असावे, हे ग्राहकाने पाहायचे. ही सीमारेषा सेवेनुसार सरकतेही. नुसते यंत्र भाड्याने घेतले तर त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत ठेवणे तुमचे काम. तयार डेटाबेस सेवा घेतली तर ते त्यांचे. संपूर्ण तयार सॉफ्टवेअर घेतले तर तुमच्याकडे वापरकर्ते आणि डेटा एवढेच उरते. पण अपघात बहुधा घडतात ते याच आपल्या वाट्याच्या बाजूला.

कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचे प्रकरण जुलै २०१९ मध्ये उघड झाले. अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. क्लाउडच्या भिंती त्यात फुटल्या नव्हत्या. वेब अ‍ॅप्लिकेशनपुढच्या एका फायरवॉलची, म्हणजे नको त्या विनंत्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याची, मांडणी चुकली होती, तिच्यातून आतल्या तात्पुरत्या परवान्यापर्यंत पोहोचता आले, आणि त्या परवान्याला गरजेपेक्षा कितीतरी जास्त साठवण वाचण्याची मुभा होती. पुढच्या वर्षी बँकेला ८ कोटी डॉलरचा दंड झाला. गरजेपेक्षा जास्त मुभा, हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण ही मुभा कशी जन्माला येते ते मी अनेकदा पाहिले आहे. शुक्रवारी संध्याकाळी काहीतरी चालत नसते, कुणीतरी म्हणते की सध्या सगळ्या परवानग्या देऊन टाकू आणि नंतर कमी करू. ते चालू लागते, आणि तो नंतर कधीच उजाडत नाही. कुलपाच्या खोलीत ही चूक आतल्या आत राहिली असती. क्लाउडवर तीच चूक जगाच्या रस्त्यावर उघडते.

त्याहून दारुण गोष्ट कोड स्पेसेस या कंपनीची आहे. सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर सांभाळून देणे हा तिचा व्यवसाय होता. जून २०१४ मध्ये हल्लेखोराला तिच्या क्लाउड खात्याच्या नियंत्रण पटलात प्रवेश मिळाला, त्याने खंडणी मागितली, आणि कंपनी खाते परत मिळवण्याची धडपड करत असताना त्याने बहुतेक डेटा आणि बॅकअप पुसून टाकले. कंपनी बंद झाली. बॅकअप होते, पण ते त्याच खात्यात, त्याच किल्लीने उघडणारे होते. पूर्वी बॅकअपच्या टेप दुसऱ्या जागी नेऊन ठेवल्या जात, तेव्हा ती गोष्ट कंटाळवाणी वाटे. त्या टेप कोणत्याही पडद्यावरून पुसता येत नसत, हे तेव्हा कुणी बोलूनही दाखवले नसेल.

हाच धडा दुसऱ्या रूपात १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये मिळाला. ओव्हीएच या फ्रेंच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि तिथली एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली. क्लाउड हा शब्द ऐकून आपला डेटा कुठेतरी सगळीकडे पसरलेला असेल, असे समजणाऱ्या कित्येक ग्राहकांना त्या सकाळी कळले, की त्यांचा सर्व्हर एका ठराविक इमारतीत होता आणि त्याचा बॅकअपही त्याच आवारात होता. याच्या उलट, मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचा गूगल क्लाउडवरचा बराच भाग आपोआप पुसला गेला. सेवा उभारताना आतल्या एका साधनात एक रकाना रिकामा राहिला होता, त्यामुळे तिला मुदत लागली, आणि मुदत संपताच ती नष्ट झाली. सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपली खाती पाहता आली नाहीत. तरीही निधी सावरला, कारण त्याने आपले बॅकअप दुसऱ्या पुरवठादाराकडेही ठेवले होते. हा दुहेरी खर्च कधीतरी कुठल्यातरी बैठकीत कुणाला अनावश्यक वाटला असेल, असे मला राहून राहून वाटते.

सेवा बंद पडण्याच्या शक्यतेबद्दल करारातले आकडे फसवे असतात, खोटे नसतात. ९९.९ टक्के म्हटले की सर्वकाळ चालू असल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात वर्षातून पावणेनऊ तास बंद राहण्याची ती मुभा आहे. तुमचे काम अशा पाच सेवांवर एकाच वेळी अवलंबून असेल आणि त्या वेगवेगळ्या वेळी बंद पडत असतील, तर तुमच्या वाट्याला वर्षाचे जवळजवळ ४४ तास येऊ शकतात. भरपाई मिळते ती बिलातल्या सवलतीच्या रूपाने. त्या तासांत बुडालेल्या धंद्याची नव्हे. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या साठवण सेवेतल्या एका अधिकृत कर्मचाऱ्याने बिलिंग यंत्रणेतला दोष शोधताना दिलेल्या आज्ञेत एक चूक झाली, ठरवल्यापेक्षा जास्त सर्व्हर काढले गेले, आणि सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे अडकली. त्या दिवशी सेवांची स्थिती दाखवणारे अ‍ॅमेझॉनचे स्वतःचे पानही ठीक बदलता येईना, कारण तेही त्याच साठवणुकीवर अवलंबून होते. आपण कशाकशावर अवलंबून आहोत याची यादी बनवणे त्यांनाही अवघड गेले, हे वाचून मला कोपऱ्यातल्या त्या जुन्या यंत्राची आठवण झाली आणि थोडे हायसेही वाटले.

कायद्याचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण तो देशोदेशी वेगळा आहे. डेटा कोणत्या देशात ठेवला आहे आणि तो ठेवणारी कंपनी कोणत्या देशाच्या कायद्याखाली येते, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि बहुतेक वेळा पहिलाच विचारला जातो. युरोपीय संघाचा डेटा संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेने असा कायदा केला, की अमेरिकन कंपनीला कायदेशीर आदेश मिळाल्यास परदेशात ठेवलेला डेटाही द्यावा लागू शकतो. १६ जुलै २०२० रोजी युरोपीय न्यायालयाने युरोपीय संघातून अमेरिकेत डेटा पाठवण्याची ठरलेली व्यवस्था रद्दबातल केली आणि हजारो कंपन्यांचे कागद एका दिवसात जुने झाले. तेव्हा डेटा कुठे आहे हे विचारताना त्याचे बॅकअप, नोंदवह्या आणि दुरुस्तीसाठी बाहेरून डोकावणारे तंत्रज्ञ कुठे आहेत, हेही विचारून घ्यावे.

एकाच कंपनीच्या हाती अडकून पडण्याची भीती मात्र मला काहीशी अतिरंजित वाटते, निदान आरंभी. २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गूगल, अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी कायमचे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना डेटा बाहेर नेण्याचे शुल्क माफ केले. पण खरा गुंता डेटाचा नसतोच. प्रत्येक कंपनीच्या खास सेवांभोवती आपण जे विणत जातो, परवानग्यांच्या रचना, स्वयंचलित कामे, माणसांची शिकलेली बोटे, ते दुसरीकडे जसेच्या तसे जात नाही. ते टाळण्यासाठी काही व्यवसाय फक्त सर्वांकडे सारख्या मिळणाऱ्या साध्या गोष्टीच वापरायचे ठरवतात आणि क्लाउडचे दर भरून नुसती भाड्याची यंत्रे चालवतात. मला त्यापेक्षा हे बरे वाटते, की अडकायचे तर कुठे आणि किती अडकतो आहोत ते लिहून ठेवावे, आणि डेटा मात्र कुठेही वाचता येईल अशा स्वरूपात आपल्या हाती ठेवावा.

उरली माणसे. प्रशिक्षणाची रक्कम आराखड्यात नेहमी शेवटच्या ओळीत असते आणि पैसे कमी पडले की पहिली तीच कापली जाते. ज्यांनी पंधरा-वीस वर्षे केबल जोडल्या, तबकड्या बदलल्या, रात्री-अपरात्री वातानुकूलन बंद पडल्याच्या फोनवर धाव घेतली, त्यांना एका सकाळी सांगितले जाते, की आता हे सगळे पडद्यावरच्या आज्ञांनी होईल. शेकडो सेवांची नावे, त्यांचे दर, त्यांची परस्परांशी नाती हे नवे शिकणे अवघड आहेच. त्याहून अवघड असते ते आपली इतक्या वर्षांची जाण आता निरुपयोगी झाली, हा संदेश गिळणे. आणि तो संदेश चुकीचा असतो. नेटवर्क कुठे तुंबते, बॅकअप परत आणून पाहिल्याशिवाय त्याच्यावर विश्वास का ठेवू नये, महिनाअखेरीस कोणत्या विभागाचे काम थांबले तर आरडाओरड होते, हे ज्ञान कोणत्याही प्रमाणपत्रात मिळत नाही.

वहीवाल्या गृहस्थांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्यांनी नव्या गोष्टी शिकायला आमच्या अंदाजापेक्षा जास्त वेळ घेतला, काही गोष्टी शिकायला सरळ नकार दिला, आणि क्लाउडचे बिल मात्र दर सोमवारी सकाळी ओळीने ओळ वाचायचे, हे काम स्वतःहून मागून घेतले. प्रत्येक यंत्रावर मालकाच्या नावाची चिठ्ठी असलीच पाहिजे, नसेल तर ते चौथ्या दिवशी बंद होईल, हा नियम त्यांचाच. बंद करण्याआधी तीन दिवस सगळ्यांना विचारायचे, हाही त्यांचाच. मी शेवटचा तिथे गेलो, तेव्हा सर्व्हरच्या खोलीत खुर्च्यांची थप्पी रचलेली होती आणि दाराला कुलूप नव्हते. ते बाहेर आपल्या टेबलाशी बसले होते. पडद्यावर बिल होते, समोर तीच वही उघडी होती, आणि ते फोनवर कुणाला तरी शांतपणे विचारत होते, "गुरुवारी रात्री हे यंत्र सुरू झाले आहे. त्यावर कुणाचेच नाव नाही. आपले आहे का?"